घरातल्या कुत्र्या-मांजरांची आजाराआधीची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लस, जंत, गोचीड, नसबंदी, चावा. आमच्या दवाखान्यात वर्षभर येणारे प्रश्न फिरून फिरून याच विषयांवरचे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. औषधाचा डोस कुठेही लिहिलेला नाही. तो वजन, वय आणि जात पाहून तुमच्या पशुवैद्यानेच ठरवायचा असतो. पार्वो या विषाणूच्या आजाराने तडफडणारं तीन महिन्यांचं पिल्लू टेबलावर पाहणं फार जड जातं, कारण त्यातली बहुतेक पिल्लं वेळेवर लस मिळाली असती तर वाचली असती. हे पान त्यासाठी आहे.

१. आमचं पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं झालंय. पहिली लस कोणती आणि पुढच्या कधी?

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात. पंचेचाळीस दिवसांचा रूढ हिशेब त्यातूनच आला आहे. ही एकत्रित लस असते. डिस्टेंपर, पार्वो आणि ॲडिनोव्हायरसमुळे होणारा यकृताचा आजार यांवरचं संरक्षण तिच्यात असतंच, आणि बहुतेक लसींत पॅराइन्फ्लुएंझा व लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून येणारा आजार, प्रश्न १२) असतो. दवाखान्यात ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात ती हीच.

पुढचे डोस दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायचे. शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावरच हवा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. त्यानंतर सहा महिने ते एक वर्ष या काळात एक बूस्टर. लस देण्याआधी जंताचं औषध झालेलं असावं (प्रश्न ९). पिल्लाला ताप किंवा जुलाब असतील तर लस पुढे ढकलतात.

२. एकदा लस टोचली ना, मग तीच पुन्हा पुन्हा कशाला? पैसे काढायला का?

नाही. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती त्याला सुरुवातीचे काही आठवडे सांभाळतात, पण लसीतल्या विषाणूलाही तीच निकामी करतात. हे आईचं कवच कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. कुणाचं आठव्या आठवड्यात, कुणाचं चौदाव्या. एकाच विणीतल्या दोन पिल्लांतही फरक असतो. म्हणून ठरावीक अंतराने डोस देत जायचं, म्हणजे कवच उतरल्यावर त्यातला एक तरी नक्की लागू पडतो. दोन डोस घेऊन थांबलेली पिल्लं पार्वोला बळी पडतात ती याच फटीत.

३. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीत खाली न्यायचंच नाही का?

जमिनीवर सोडायचं नाही, पण चार भिंतींत कोंडायचंही नाही. पार्वोचा विषाणू मातीत, जिन्यावर, चपलेच्या तळाला कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून बागेतली माती, इतर कुत्री शी करतात ती जागा आणि दवाखान्यातली फरशी टाळा. दवाखान्यात पिल्लू मांडीवरच ठेवा.

मात्र तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाचं जग ओळखण्याचं वय असतं. या काळात लिफ्ट, रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, लहान मुलं यांची ओळख झाली नाही, तर पुढे ते घाबरट होतं आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. त्याला कडेवर घेऊन रोज फिरवा. लसी झालेलं शांत कुत्रं ज्यांच्याकडे आहे अशा ओळखीच्यांच्या घरी न्या.

घरात आधीचं पिल्लू पार्वोने गेलं असेल तर फिनाइलच्या वासावर विसंबू नका. सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच पाण्यात मिसळून फरशी, भांडी, पिंजरा धुवा. बिछाना टाकून द्या. नवं पिल्लू लसींचा पूर्ण कोर्स झाल्यावरच घरात आणलेलं बरं.

४. आमची मांजर कधीच घराबाहेर जात नाही. तिला लस कशाला?

ती बाहेर जात नाही, पण तुम्ही जाता. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा पार्वोच्याच कुळातला विषाणू आहे आणि तो कपड्यांवरून, चपलांवरून घरात येतो. मांजरांच्या एकत्रित लसीत त्याच्यासोबत सर्दी-शिंका, डोळे चिकटणं आणि तोंडात फोड आणणारे हर्पिस व कॅलिसी हे दोन विषाणू असतात. सुरुवात आठ-नऊ आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर.

रेबीजची लस मांजरालाही हवीच. खिडकीतून एखादी रात्र बाहेर काढलेली मांजर काय भोगून आली हे कुणी सांगू शकत नाही.

५. विकणाऱ्याने सांगितलं, ‘दोन लसी झाल्यात.’ मानायचं का? आणि मेडिकलमधून आणून घरीच टोचली तर?

लसीच्या बाटलीवर एक स्टिकर असतो. त्यावर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. लस दिल्यावर तो कार्डावर चिकटवतात, शेजारी तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक येतो. हे नसेल तर लस झालीच नाही असं धरा आणि कोर्स नव्याने सुरू करा. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही, पण न झालेल्या लसीने जीव जातो.

घरी टोचण्याबद्दल सांगायचं तर ही लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच टिकते. दुकानातला फ्रीज रात्री बंद पडला होता का, पिशवीतून आणताना ती तापली का, हे बाटली पाहून कळत नाही. निकामी लसही दिसायला तशीच असते. शिवाय क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी (प्रश्न ८) घरी आली तर हाताशी काहीच नसतं.

६. बूस्टरची तारीख उलटून गेली. आता सगळं पहिल्यापासून?

वय आणि लस यावर ते ठरतं. पिल्लाच्या दोन डोसांत सहा आठवड्यांहून जास्त अंतर पडलं, तर साधारणपणे आणखी दोन डोस धरून चालतात. मोठ्या कुत्र्याला लहानपणी पूर्ण कोर्स झालेला असेल, तर पार्वो-डिस्टेंपरसाठी एका डोसाने पुन्हा जोर येतो. रेबीजचंही तसंच, एक डोस देऊन पुढची तारीख लावतात.

लेप्टोचा मात्र अपवाद आहे. ही मृत जंतूंची लस आहे आणि तिची ताकद वर्षभरच टिकते. ती बरीच चुकली असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुन्हा द्यावे लागतात. पावसाळा जवळ आला असेल तर यात चालढकल करू नका.

७. परदेशात म्हणे तीन वर्षांतून एकदा लस देतात. मग इथे दरवर्षी का?

प्रश्न योग्य आहे. पार्वो, डिस्टेंपर आणि ॲडिनोव्हायरस यांच्या जिवंत-क्षीण (जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असलेल्या) लसींचं संरक्षण पूर्ण कोर्सनंतर निदान तीन वर्षं टिकतं, आणि लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची शिफारसही या लसी त्याहून वारंवार न देण्याचीच आहे. पण लेप्टो दरवर्षीच लागतो. रेबीजच्या लसीची मुदत लेबलवर असेल ती, आणि महापालिकेचा परवाना, हॉस्टेल, रेल्वे किंवा विमानप्रवास यांसाठी बहुधा वर्षाच्या आतलीच नोंद मागतात. आपल्याकडे बऱ्याच लसींत सगळं एकत्रच येत असल्याने दरवर्षीची पद्धत पडली आहे. ‘यंदा फक्त लेप्टो आणि रेबीज चालेल का?’ असं पशुवैद्याला जरूर विचारा. रेबीज कमी करण्याचा विचार मात्र या देशात कुणी करू नये.

८. लस दिल्यावर कुत्रा दिवसभर झोपून आहे, टोचलेल्या जागी गाठ आली आहे.

एक-दोन दिवस सुस्ती, कमी जेवण, किंचित ताप आणि हाताला लागेल एवढी गाठ हे नेहमीचं आहे. गाठ काही आठवड्यांत विरते. चोळू नका. तोंड सुजणं, अंगावर गांधी, वारंवार उलट्या, धाप किंवा कोसळणं हे मात्र ॲलर्जीचं लक्षण. ते बहुतेक वेळा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतं. म्हणून लस झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या. मांजरात टोचल्या जागेची गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली किंवा वाढत गेली तर ती तपासून घ्यावी.

९. जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं? शीत जंत दिसत नाहीत, तरीही?

दिसत नाहीत तरीही. गोलकृमी पिल्लांना आईच्या पोटातच आणि नंतर दुधातून मिळतात, म्हणून औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत देतात. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे साधारण तीन महिन्यांतून एकदा. शेपटीखाली किंवा बिछान्यावर तांदळाच्या दाण्यांसारखं काही दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात. ते पिसवांमार्फत येतात. पिसवा तशाच राहिल्या तर औषध देऊनही महिनाभरात पुन्हा तेच.

घरात रांगतं मूल असेल तर जास्त काटेकोर राहा. कुत्र्याच्या गोलकृमीची अंडी मातीतून मुलाच्या तोंडात गेली, तर त्या अळ्या शरीरात फिरतात आणि डोळ्यापर्यंतही पोचू शकतात. शी रोज उचलणं हा त्यावरचा निम्मा उपाय आहे.

१०. कितीही काढा, गोचीड पुन्हा होतातच. काय करावं?

आपल्याकडचा तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर आयुष्याचा फार थोडा भाग काढतो. रक्त पिऊन तो खाली उतरतो आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत जाऊन कात टाकतो. मादी तिथेच हजारोंनी अंडी घालते. तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडे, घरात दडलेले कितीतरी जास्त. त्यामुळे दोन आघाड्या एकाच वेळी लढाव्या लागतात.

अंगावरचा उपाय म्हणजे महिनाभर किंवा बारा आठवडे टिकणारी चघळायची गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा चांगला पट्टा. गोळी बहुतेक कुत्र्यांना सोसते, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, कारण तिथे निवड बदलते. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरित जातींत एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचे जास्त डोस मेंदूपर्यंत पोचतात. याच औषधाचं गुरांचं इंजेक्शन ‘थोडंसंच’ देण्याचा प्रकार ग्रामीण भागात अजून चालतो, तो बंद व्हायला हवा. घरातला उपाय म्हणजे फटी बुजवणं, बिछाना गरम पाण्यात धुऊन उन्हात घालणं आणि गरज पडल्यास फवारणी. हे दोन-तीन महिने चिकाटीने करावं लागतं, कारण दडलेली अंडी टप्प्याटप्प्याने फुटतात.

रॉकेल, पेट्रोल, डांबरगोळ्या, कापूर यातलं काहीही अंगाला लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. लसूण चारल्याने गोचीड पळत नाहीत, उलट रक्ताला अपाय होतो. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि बोटांनी चिरडू नका.

हे सगळं गोचीडतापासाठी. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार गोचीड देतात आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. ताप, जेवण सोडणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकियाचं औषध साधारण चार आठवडे चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून ते थांबवू नका. अर्ध्यात सोडलेला हा आजार काही महिन्यांनी जास्त वाईट रूपात परततो.

११. कुत्र्याच्या गोचिडाच्या औषधातलं थोडं मांजरीला लावलं तर चालेल?

अजिबात नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजरीचं यकृत ते पचवू शकत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू, इथपर्यंत मजल जाते. चुकून लागलंच तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने धुवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

१२. पावसाळ्यात लेप्टोची भीती खरंच एवढी आहे?

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात आहे. उंदीर-घुशींच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची जी साथ आली ती अनेकांना आठवत असेल. कुत्रा त्याच पाण्यातून चालतो, ते पितो आणि घरी येऊन पंजे चाटतो. आजारात ताप, उलट्या, मागचे पाय आखडणं, कावीळ, आणि मूत्रपिंड निकामी होणं दिसतं.

लस मे महिन्यातच घ्या. ती सगळ्या उपप्रकारांवर चालत नाही, म्हणून साचलेलं पाणी टाळा, फिरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करा, आणि जेवणाचं भांडं रात्रभर उघडं ठेवू नका. उंदीर त्याच्यासाठीच येतात. आजारी कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, कारण हा आजार तिच्यातून तुम्हालाही होतो.

१३. घरचं जेवण देतो. नेमकं काय टाळायचं?

भात, भाकरी, अंडं, उकडलेलं चिकन, दुधी, गाजर ठीक. कांदा आणि लसूण नको, शिजवलेलाही नको. त्याने लाल रक्तपेशी फुटतात, मांजरीत तर फार लवकर. म्हणजे आपला रस्सा, आमटी, पिठलं सगळं बाद. भाकरी रश्शात कुस्करून देण्याची सवय प्रेमाची असते, पण तीच घात करते. कुत्र्यासाठीचं चिकन फोडणीआधी बाजूला काढा.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ले म्हणजे बाधतात याचा अंदाज बांधता येत नाही. एखादं कुत्रं पचवतं, एखादं मूठभरात जातं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, दिवाळीतले बेदाण्याचे लाडू आणि द्राक्षांच्या हंगामात नाशिक-सांगलीहून आलेली पेटी, या तीन वेळांना सांभाळा. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल आणि शिजवलेली हाडं हेही नको. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि आतडं फाडतं. पुरणपोळीवर धारेने तूप ओतून दिलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

झाडांपैकी कण्हेर आणि सोसायटीच्या बागांत हमखास दिसणारा सायकस विषारी आहे. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आणू नका. पराग चाटूनही मूत्रपिंड जातं.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. मांजरीला दूध-पोळीवर ठेवलं तर?

कुत्र्याला विचारपूर्वक आखलेल्या शाकाहारावर ठेवता येतं. मांजरीला येत नाही. टॉरिन हे पोषकद्रव्य तिला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होतं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरीसाठी बनवलेलं तयार अन्न द्या. तेही मनाला पटत नसेल तर मांजर न पाळणं हाच तिच्यावरचा दयेचा निर्णय आहे. दुधाबद्दल, बऱ्याच मोठ्या मांजरींना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

१५. रात्री ताप आला तर अर्धी पॅरासिटामॉल द्यावी का?

मांजरीला कधीही नाही. एका गोळीने मांजर मरते. कुत्र्यालाही मनाने देऊ नका, आणि आयबुप्रोफेन तर दोघांनाही वर्ज्य. आणखी एक, कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला त्याचं अंग गरमच लागणार. थर्मामीटर गुदद्वारातून लावून १०३ च्या वर दिसलं तर तो ताप.

१६. नसबंदी करायची आहे, पण घरचे म्हणतात आधी एक वेत होऊ द्या.

एक वेत झाल्याने कुत्रीची तब्येत किंवा स्वभाव सुधारतो याला आधार नाही. उलट प्रत्येक माजागणिक स्तनाच्या गाठींचा धोका वाढतो आणि पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीत तो सगळ्यात कमी राहतो. दुसरा धोका गर्भाशयात पू होण्याचा. माज संपून महिना-दोन महिने झाले, कुत्री खूप पाणी पिते, जेवत नाही, खालून घाण वास येतो, अशी माहिती फोनवर आली की आम्ही त्याच दिवशी बोलावतो, कारण त्यात रात्र काढणं धोक्याचं असतं. नसबंदी झालेल्या कुत्रीत हा आजार जवळपास राहत नाही.

लहान जातींत सहाव्या महिन्याच्या आसपास करतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत हाडं-सांधे भरेपर्यंत थांबण्याचा सल्ला मिळू शकतो, तो ऐकावा. मांजर चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, तिथे उशीर नको. नंतर वजन वाढतं हे खरं, पण ते वाटी न बदलल्यामुळे. जेवण थोडं कमी करा, फिरणं तेवढंच ठेवा.

१७. दात घासावे लागतात का?

हो, शक्यतो रोज. लहानपणापासून बोटावर ब्रश चढवून सवय लावा. आपली टूथपेस्ट नको, प्राण्यांची वेगळी मिळते. तोंडाला वास येणं ‘कुत्र्याचं असतंच’ म्हणून सोडू नका, तो हिरड्यांचा आजार असतो.

१८. विदर्भात राहतो. उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिराच फिरवा. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथून चालवू नका. बंद गाडीत पाच मिनिटंही नको. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर या चपट्या नाकाच्या जातींना धाप टाकून अंग थंड करणं जमत नाही, त्यांना कूलर लागतोच. आणि नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत हस्की आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उष्माघात झाला (सतत धाप, लाल हिरड्या, लडखडणं) तर आधी अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

१९. दिवाळीत झोपेची गोळी द्यावी का?

जुन्या पद्धतीची गुंगीची गोळी कुत्र्याला हलू देत नाही, पण भीती तशीच राहते. भीती कमी करणारी वेगळी औषधं आहेत. ती फटाके सुरू होण्याआधी द्यावी लागतात, त्यामुळे वसुबारसेच्या आठवडाभर आधीच पशुवैद्याशी बोला आणि एक डोस शांत दिवशी देऊन पाहा. आतली खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा, आणि घरातलं कुणीतरी जवळ. गळ्यात नाव-नंबर असलेला पट्टा ठेवाच, कारण घाबरून पळालेली कुत्री हरवतात ती याच दिवसांत. गणपती विसर्जनाच्या ढोल-ताशांनाही हेच लागू.

२०. आमच्याच कुत्र्याने मुलाला ओरखडलं. त्याला रेबीजची लस झालेली आहे. मग मुलाला इंजेक्शन लागेल का?

सर्वात जास्त येणारा आणि सर्वात जपून उत्तर द्यायचा प्रश्न. आधी कृती करा, हिशेब नंतर. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा. मग पोव्हिडोन आयोडिन. हळद, चुना, मिरची, तेल काहीही भरू नका आणि लगेच टाके घालण्याचा आग्रह धरू नका. मग माणसांच्या डॉक्टरकडे जा. तिथे जखमेचे तीन प्रकार पाहतात. धड कातडीवर चाटलं तर काही नको. रक्त न येता ओरखडा किंवा कुरतडणं असेल तर लस. रक्त आलं, किंवा उघड्या जखमेवर वा तोंडात-डोळ्यात लाळ गेली, तर लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं). लस दंडात स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. कातडीत दिली तर ०, ३, ७, २८. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. आधी पूर्ण कोर्स झालेल्याला बहुधा दोनच डोस लागतात.

कुत्र्याला लस झालेली असेल तर धोका खूप कमी होतो, पण तेवढ्यावर घरीच बसून राहणं योग्य नाही. कार्ड सोबत न्या आणि निर्णय डॉक्टरवर सोडा. कुत्र्याला किंवा मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवा. तेवढ्यात ते ठणठणीत राहिलं तर चावताना लाळेत विषाणू नव्हता असं मानतात आणि डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ, हा उलटा क्रम मात्र जीवघेणा आहे. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर इलाज नाही. मुलाला सांगून ठेवा, ‘चावलं, ओरखडलं तर आम्ही रागावणार नाही, पण लगेच सांग.’ रागावतील म्हणून लपवलेले चावे सर्वात धोक्याचे.

२१. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याने आमच्या कुत्र्याला चावलं तर?

हातमोजे घालून जखम तशीच साबणाने धुवा, केसांवर दुसऱ्याची लाळ असते. लसी वेळच्या वेळी झाल्या असतील तरी लगेच एक बूस्टर द्यायचा आणि काही आठवडे लक्ष ठेवायचं. लस कधीच झाली नसेल तर पशुवैद्य डोसांची मालिका सुरू करतात, आणि त्या काळात त्याला मुलांपासून वेगळं ठेवावं लागतं.

वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी गावोगाव जाळी घेऊन हेच काम केलं. तुम्ही ज्या दोन भटक्या कुत्र्यांना रोज पोळी घालता, त्यांना वर्षातून एकदा लस टोचून घ्या. तुमच्या कुत्र्याची आणि तुमच्या मुलांची ती मोठी राखण आहे.

२२. कुत्री गाभण आहे. लस राहिली, आता देऊ?

जिवंत विषाणूंची एकत्रित लस गाभणपणात टाळतात. ती मिलनाआधीच व्हायला हवी. जंताचं औषध मात्र लागतं, पण कोणतं आणि कधी ते विचारूनच.

२३. ससा, पोपट, कासव यांना कोणत्या लसी?

आपल्याकडे सशाला नेहमीची अशी लस नाही. त्याला भरपूर सुकं गवत हवं, नाहीतर दात वाढतात आणि पोट थांबतं. सशाने बारा तास खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजा. बजरी, कॉकाटील या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना काचेवर आपटण्यापासून, पंख्यापासून आणि नॉनस्टिक भांड्याच्या धुरापासून जपा.

आपला हिरवा पोपट आणि चांदणीकासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कुणी प्रेमाने वाढवलं असलं तरी. असा पक्षी-प्राणी घरात असेल तर परस्पर सोडून देऊ नका, तो जगत नाही. वनविभागाला कळवा.

२४. खासगी दवाखाना परवडत नाही. दुसरी सोय आहे का?

आहे. पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि ते फक्त गुरांसाठी नाहीत. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालयं आहेत. परळचं महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण असतं. पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लावा: रेबीज, मग पिल्लाचा एकत्रित कोर्स, मग गोचीड-जंत, मग नसबंदी. शाम्पू, कपडे, महागडं खाद्य त्यानंतर.

२५. मुलगा जर्मनीला चाललाय, कुत्रा सोबत न्यायचाय. तिकीट काढलं आहे, महिनाभर वेळ आहे.

महिना पुरणार नाही. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे आधी पंधरा आकडी आयएसओ मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी (रेबीजविरोधी प्रतिपिंडं ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हवीत), आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चारहून अधिक महिने. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, इथे खूप जण अडकतात. ब्रिटनचंही जवळपास असंच. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारत तिथल्या जास्त जोखमीच्या यादीत आहे, कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप असलेला लागतो आणि इथे लस झालेल्या कुत्र्यासाठी जादा कागदपत्रं लागतात. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेता येत नाही.

इथून निघताना एक्यूसीएस या केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यासाठी ते मुंबईत. मुलाला आधी जाऊ द्या आणि कुत्र्याचं तिकीट पाच महिन्यांनंतरचं धरा. तोवर कार्डावरची एकही तारीख चुकू देऊ नका, एक चुकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.